सॉफ्टवेअर आलं, सहकार्य आलं का?

कार्यालयीन सहकार्याच्या सॉफ्टवेअरची मोठी संमेलनं दरवर्षी भरतात. मंचावरच्या भव्य पडद्यावर चार शहरांतली माणसं एकाच कागदावर एकाच वेळी काम करताना दिसतात, एका क्लिकवर बैठक ठरते, टाळ्या पडतात. कंपनीतर्फे आलेला अधिकारी परत गेल्यावर अहवाल लिहितो आणि त्यात बहुधा सोयींची यादी असते. महिन्याभरात खरेदी होते. वर्षभरानंतर पाहावं तर कर्मचारी अजूनही फाइल ईमेललाच जोडून पाठवत असतात.

असं का होतं, याचा शोध याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी फार आधीपासून घेतला आहे. ‘कॉम्प्युटर सपोर्टेड कोऑपरेटिव्ह वर्क’ म्हणजे सीएससीडब्ल्यू या नावाची परिषद १९८६ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात भरली. संगणकतज्ज्ञांच्या बरोबरीने समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासकही या परिषदांमध्ये सहभागी होत आले. साधन काय करू शकतं याइतकाच माणसं ते कसं वापरतात, हाही इथला प्रश्न. या परिषदांमध्ये आणि त्यांच्या आसपास जे निष्कर्ष पुढे आले, ते आजच्या अनेक समजुतींना सरळ छेद देतात.

गैरसमज १ : सहकार्याची साधनं कोविडच्या टाळेबंदीनंतरची, फार तर स्लॅकसारख्या ॲपनंतरची आहेत

वस्तुस्थिती : ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. सुमारे हजार माणसं समोर बसली होती. एंगलबार्टांच्या हातात माउस होता. पडद्यावर बाजारहाटाची यादी होती आणि तिच्यातल्या वस्तू ते हलवून वेगवेगळ्या गटांत लावून दाखवत होते. पुढे जवळपास ५० किलोमीटर दूर असलेल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेतला त्यांचा सहकारी त्याच पडद्यावर व्हिडिओतून दिसू लागला आणि दोघं एकाच मजकुरावर बोलत-बोलत काम करू लागले.

एकत्र संपादन, दुवे, व्हिडिओसंवाद हे सगळं तेव्हाच मांडून झालं होतं. १९८९ साली रे ऑझी यांच्या चमूने घडवलेलं लोटस नोट्स बाजारात आलं आणि सामायिक माहितीचे साठे कार्यालयांत पोहोचले. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतली. पुढे २०१९ मध्ये नोट्स इतर काही उत्पादनांसह भारतातल्या एचसीएलकडे आलं. तो व्यवहार सुमारे १.८ अब्ज डॉलरचा होता. नव्या साधनाच्या प्रतीक्षेत सहकार्य अडलं असतं, तर हा प्रश्न कधीच सुटायला हवा होता.

गैरसमज २ : प्रात्यक्षिक जिंकलं की साधन जिंकलं

वस्तुस्थिती : २८ मे २००९ रोजी गुगलच्या वार्षिक परिषदेत लार्स आणि येन्स रासमुसन या भावांच्या चमूने ‘गुगल वेव्ह’ सादर केलं. ईमेल, गप्पा आणि दस्तऐवज यांचं एकच रूप. समोरचा टाइप करत असताना एकेक अक्षर दुसऱ्याच्या पडद्यावर उमटत होतं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

सप्टेंबरअखेर सुमारे एक लाख लोकांना निमंत्रणं गेली. अडचण इथेच सुरू झाली. निमंत्रण एकाला मिळालं, पण तो ज्यांच्याबरोबर रोज काम करतो ते सहकारी बाहेरच राहिले. रोजचं काम ईमेलवर चालू आणि वेव्ह वेगळ्या खिडकीत, अशी स्थिती झाली. मे २०१० मध्ये दरवाजे सर्वांना उघडले, पण ४ ऑगस्ट २०१० रोजी गुगलने अपेक्षेइतके वापरकर्ते मिळाले नाहीत असं सांगून विकास थांबवला. त्या टाळ्यांनंतर जेमतेम चौदा महिने झाले होते.

शब्दप्रक्रियेचा प्रोग्रॅम एकट्यालाही उपयोगी पडतो. सहकार्याचं साधन मात्र पुरेशी माणसं आत आल्याशिवाय कुणाच्याच कामाचं नसतं. मंचावर सगळा चमू आधीच आत असतो, कार्यालयात तो नसतो. प्रात्यक्षिक पाहताना नेमका हाच फरक नजरेआड होतो.

गैरसमज ३ : अशा साधनाचा फायदा सगळ्यांनाच सारखा होतो

वस्तुस्थिती : या क्षेत्रातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा धडा १९८८ सालचा आहे. त्या वर्षी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये सीएससीडब्ल्यू परिषद झाली. अशी साधनं अपयशी का ठरतात, याच विषयावर जोनाथन ग्रुडिन यांनी तिथे निबंध वाचला. त्यांचं एक उदाहरण बैठक आपोआप ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं होतं.

कल्पना सोपी. बैठक बोलावणाऱ्याने नावं द्यायची, संगणकाने सगळ्यांची कॅलेंडरं चाळून सर्वांना मोकळी असलेली वेळ शोधायची. त्यासाठी प्रत्येकाने आपलं कॅलेंडर संगणकावर अद्ययावत ठेवायला हवं. व्यवस्थापकाचं कॅलेंडर सांभाळायला बहुधा सचिव होता. अभियंत्याला मात्र खिशातल्या डायरीतलं सगळं स्वतः पुन्हा टाइप करावं लागणार होतं आणि त्या कष्टाच्या बदल्यात त्याच्या वाट्याला येणार होत्या आणखी बैठका. त्याने ते केलं नाही, यात नवल नाही. मग कॅलेंडर रिकामं, म्हणून संगणकाच्या लेखी माणूस दिवसभर मोकळा. चुकीच्या वेळा सुचवल्या जाऊ लागल्या की उरलासुरला विश्वासही जातो.

जादा काम एकाकडे आणि फायदा दुसऱ्याकडे, ही विषमता ग्रुडिन यांनी नेमकी पकडली. दुसरं निरीक्षण त्याहून बोचरं होतं. खरेदीचा किंवा निर्मितीचा निर्णय घेणारी माणसं स्वतःच्या अनुभवावरून साधन जोखतात. त्यांना स्वतःला ज्यात सोय दिसते, ते त्यांना सगळ्यांच्याच सोयीचं वाटतं. संमेलनाला जातो तो बहुतेकदा वरिष्ठ अधिकारी आणि खरेदीनंतर नोंदी भरत बसतो तो कनिष्ठ कर्मचारी. म्हणूनच ग्रुडिन यांचं म्हणणं आजच्या खरेदीच्या टेबलालाही तसंच लागू पडतं.

गैरसमज ४ : सोय करून दिली की लोक माहिती वाटून घेतात

वस्तुस्थिती : एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एकाच साधनाचं, लोटस नोट्सचं, दोन कंपन्यांत काय झालं ते तपासलं. कंपन्यांची खरी नावं त्यांनी झाकली आणि ‘अल्फा’ व ‘झीटा’ अशी नावं दिली.

अल्फा ही मोठी सल्लागार कंपनी. ज्ञानाची देवघेव वाढावी म्हणून तिथे नोट्स झपाट्याने बसवण्यात आलं. पण त्या कंपनीत ‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ असा रिवाज होता. बढती मिळायची ती इतरांपेक्षा जास्त जाणकार ठरल्यावर, मग आपली जाणकारी सगळ्यांसाठी मांडून कोण ठेवणार? शिवाय सल्लागाराच्या प्रत्येक तासाचं बिल ग्राहकाच्या नावावर लागायला हवं असे. नोट्स शिकण्यात गेलेला तास कुणाच्या खात्यात टाकायचा, याचं उत्तर नव्हतं. बऱ्याच जणांनी ते उघडलं ते निव्वळ ईमेलसारखं. त्याच कंपनीच्या तंत्रज्ञान विभागात मात्र नोट्स एकमेकांच्या मदतीसाठी चांगलं वापरलं गेलं. तिथली संस्कृती आणि कामाचं मोजमाप वेगळं होतं.

झीटा ही सॉफ्टवेअर कंपनी. तिच्या ग्राहकसेवा विभागात सुमारे ५० तज्ज्ञ होते. फोन आला की तक्रारीची नोंद नोट्समध्ये उघडायची, काय करून पाहिलं आणि काय चाललं नाही ते तिथेच लिहीत जायचं, अशी पद्धत त्यांनी बसवली. इतरांना त्या नोंदी दिसत. जुने जाणते आधी कुणी मदत मागायला आलं तरच सांगत, आता नोंदी वाचून ते आपणहून मार्ग सुचवू लागले. याला जोड मिळाली ती व्यवस्थापनाच्या एका निर्णयाची. कामगिरी ठरवताना प्रश्न सुटला का, एवढंच न पाहता तो सोडवताना नोंद कशी ठेवली आणि मदत कशी केली, हेही धरलं जाऊ लागलं.

सॉफ्टवेअर तेच होतं. पगार, बढती आणि शाबासकी कशावर मिळते, तिथे फरक होता.

गैरसमज ५ : वरून आदेश काढला की प्रश्न मिटतो

वस्तुस्थिती : कॅलेंडरची गोष्ट अपयशावर संपली नाही. १९९५ साली स्टॉकहोमच्या युरोपीय सीएससीडब्ल्यू परिषदेत ग्रुडिन आणि लेशिया पेलन यांनी मायक्रोसॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्समधला अभ्यास मांडला. दोन्हीकडे सामायिक कॅलेंडरं सर्रास वापरात आली होती आणि ती वरून लादलेली नव्हती.

एकतर साधन सुधारलं होतं. निमंत्रण थेट ईमेलमध्ये येई, होकार-नकार तिथेच देता येई, स्वतःसाठी स्मरणसूचनाही मिळे. म्हणजे भरणाऱ्यालाही आता त्यातून काही मिळत होतं. दुसरं कारण बरोबरीच्या सहकाऱ्यांचं. ज्याचं कॅलेंडर भरलेलं नाही, त्याच्यामुळे इतरांचा खोळंबा होई आणि ते तसं बोलून दाखवत. हुकमाने जे झालं नसतं, ते या रोजच्या आग्रहाने झालं.

गैरसमज ६ : भिंती काढा, सगळ्यांना जोडा; संवाद वाढेलच

वस्तुस्थिती : २०१८ साली ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे बंद कक्ष काढून खुली कार्यालयं केली जात होती. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक असलेले बिल्ले होते. कोण कुणासमोर किती वेळ बोलत होतं, हे त्यातून कळे; शब्द मात्र नोंदले जात नसत. भिंती गेल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि लोक ईमेल व मेसेजकडे वळले. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस हेडफोन लावून पडद्यात शिरतो.

उलट टोकाचा पुरावाही आहे आणि तो टीम्स हे सहकार्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच दिला. तिच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्कांची तपासणी ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाली. सगळे घरून काम करू लागले तेव्हा साधनांची वानवा नव्हती. तरी सहकार्याचं जाळं आपापल्या गटापुरतं आकसलं, वेगवेगळ्या विभागांना जोडणारे दुवे कमी झाले. ईमेल आणि मेसेज वाढले, प्रत्यक्ष वेळेतलं बोलणं घटलं. परक्या विभागातल्या माणसाशी ओळख होण्याचे प्रसंग मुद्दाम घडवावे लागतात, सॉफ्टवेअर ते आपोआप घडवत नाही.

मग संमेलनातून काय आणावं?

या साधनांची गरज खरी आहे. पुण्यातल्या कार्यालयातून बर्लिनच्या चमूबरोबर काम करणाऱ्याला सामायिक दस्तऐवजाशिवाय गत्यंतर नाही. म्हणून स्टॉलवर सोयींची यादी मागण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. यात नोंदी कोण भरणार आणि त्या भरणाऱ्याला काय मिळणार? ज्यांच्याबरोबर रोजचं काम आहे, ते सगळे पहिल्या दिवसापासून यात असतील का? ईमेलशी हे जोडलेलं आहे, की आणखी एक वेगळी खिडकी? ते शिकायला लागणारा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जाईल का? आणि आपल्याकडे बढती माहिती वाटणाऱ्याला मिळते, की ती राखून ठेवणाऱ्याला?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं विक्रेत्याकडे नसतात, ती कंपनीने स्वतः द्यायची असतात. पुढच्या संमेलनाला अधिकाऱ्याबरोबर रोज नोंदी भरणाऱ्या एका कर्मचाऱ्यालाही पाठवा आणि खरेदीच्या कागदावर सही करण्याआधी त्याचं म्हणणं ऐका.