घरचा चित्रसंग्रह कोणाच्या हाती?

व्यापारी कुटुंबांत जुन्या चोपड्या जपून ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पणजोबांच्या काळातील खतावणी आज कोणी उघडत नसले, तरी ती कोणत्या कपाटात, कोणत्या फडक्यात बांधून ठेवली आहे, हे घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला नेमके ठाऊक असते. त्याच घरातील लग्नसमारंभांच्या व्हिडिओ फिती, दिवाळीच्या वहीपूजनाचे चित्रण, आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी त्यांनी केलेले चार शब्दांचे भाषण, चातुर्मासातील प्रवचनांच्या ध्वनिफिती यांच्या वाट्याला मात्र माळ्यावरील ट्रंकेखेरीज दुसरी जागा आलेली नसते. कागदापेक्षा ही सामग्री कितीतरी नाजूक आहे. चुंबकीय फितीवर दमट हवेत बुरशी धरते, घरी नोंद केलेल्या डीव्हीडीवरील रंगद्रव्याचा थर कालांतराने बिघडतो आणि फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र मिळेनासे होते. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. त्यानंतर जगात नवा व्हीसीआर तयार होणे जवळजवळ संपलेच.

म्हणून या फितींचे संगणकीय फायलींत रूपांतर करून घेणे ही पहिली पायरी होय. आजकाल बऱ्याच कुटुंबांनी ती पार पाडलेली असते. परंतु त्यापुढे प्रश्न उभा राहतो. फायली एका हार्ड डिस्कमध्ये, डिस्क धाकट्या चिरंजिवांच्या खणात आणि पाहण्याची इच्छा मात्र दिवाणखान्यात बसलेल्या आजींची! फीत कपाटातून डिस्कमध्ये गेली, पण माणसांपर्यंत पोहोचली नाही. ही अडचण दूर करणाऱ्या साधनाला ‘मीडिया सर्व्हर’ असे म्हणतात. त्यातील प्रमुख पर्यायांची तुलना येथे करावयाची आहे.

हे साधन काय करते?

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातील एका संगणकावर अखंड चालणारी आज्ञावली. तिला आपण फायलींचा कप्पा दाखवून द्यावयाचा. ती त्यांची यादी करते, चित्रांसह मांडते आणि घरातील वायफायवरून दूरदर्शन संच, मोबाइल किंवा टॅबलेट जे मागेल ते त्याला पुरविते. पाहणाऱ्याला अनुभव येतो तो नेटफ्लिक्ससारखाच. फरक इतकाच की, वखार आपली आणि मालही आपलाच.

यासाठी कोडी हे नावही वारंवार ऐकू येते. कोडी उत्तम आहे, परंतु तो मूलतः ज्या उपकरणावर बसविला त्याच उपकरणावर चित्रपट दाखविणारा कार्यक्रम आहे. एका खोलीतील एका संचासाठी तो पुरेसा ठरतो. अनेक खोल्या आणि अनेक माणसे असतील, तर प्लेक्स, एंबी व जेलीफिन या तिघांचाच विचार करावा लागतो.

तीन पर्याय, तीन स्वभाव

प्लेक्सचा उगम कोडीच्याच घराण्यातला. कोडीचे पूर्वीचे नाव एक्सबीएमसी असे होते आणि त्याची मॅक संगणकासाठी केलेली आवृत्ती स्वतंत्रपणे वाढून तिचेच पुढे प्लेक्स झाले. आज ती एक व्यावसायिक कंपनी आहे. तिन्हींमध्ये बसवावयास सर्वांत सोपा, दिसावयास सर्वांत नेटका आणि जवळजवळ प्रत्येक स्मार्ट टीव्हीवर मिळणारा असा तो आहे. मात्र त्याच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक सदस्याचे खाते कंपनीकडे असते, म्हणजे आपल्याच घरात शिरताना ओळख पटविण्याचे काम कंपनीचा द्वारपाल करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या नोंदी परक्यांच्या हाती लागल्या, तेव्हा सर्व ग्राहकांना संकेतशब्द बदलण्याची सूचना द्यावी लागली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये अटी बदलल्या. घराबाहेरून आपला संग्रह पाहण्याची सोय पूर्वी विनामूल्य होती, ती सशुल्क झाली आणि आजीव सदस्यत्वाचा दर सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलर झाला. घरातल्या घरात पाहणे मात्र विनामूल्यच राहिले. तसेच सर्व्हरच्या मालकाने सदस्यत्व घेतले असेल, तर त्याने ज्यांना प्रवेश दिला आहे त्या नातलगांना दूरवरून पाहण्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही.

एंबी हा मधला मार्ग होय. त्याची मांडणी प्लेक्सइतकीच पद्धतशीर असून खाती आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. तथापि अनेक उपकरणांवरील अ‍ॅप आणि काही महत्त्वाच्या सोयी यांसाठी ‘एंबी प्रीमियर’ हे सशुल्क सदस्यत्व लागते. एंबीची मूळ आज्ञावली पूर्वी सर्वांना पाहता येत असे. डिसेंबर २०१८ मध्ये ती बंदिस्त करण्यात आली आणि त्याच वेळी असहमत असलेल्या काही कार्यकर्त्यांनी शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून वेगळी चूल मांडली. तीच जेलीफिन.

जेलीफिन पूर्णतः विनामूल्य असून तिची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येते. तिचे काम स्वयंसेवक पाहतात. तिच्यात कंपनीचे खाते नाही, जाहिरात नाही, सशुल्क कुलपात ठेवलेली एकही सोय नाही. वापरणाऱ्यांची नावे व संकेतशब्द आपल्याच संगणकावर राहतात. या स्वातंत्र्याची किंमत पैशांत द्यावी लागत नसली, तरी श्रमांत द्यावी लागते. बिघाड झाल्यास दूरध्वनी करावा अशी कचेरी नाही, आणि काही दूरदर्शन संचांवर तिचे अ‍ॅप बसविणे प्लेक्सइतके सोपे नाही.

रूपांतराचा भार

तिन्हींची तुलना करताना एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सर्व्हरकडील फाइल ज्या स्वरूपात आहे ते स्वरूप समोरच्या संचाला समजत असेल, तर ती जशीच्या तशी पाठविली जाते आणि संगणकावर नाममात्र भार पडतो. संचाला ते समजत नसेल किंवा इंटरनेटचा वेग अपुरा असेल, तर सर्व्हर ती फाइल चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून देतो. यास ‘ट्रान्सकोडिंग’ म्हणतात. हे काम अतिशय जड आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ‘क्विक सिंक’ नावाची व्यवस्था असते. तिच्या साह्याने साधा छोटा संगणकही हा भार सहज पेलतो. ही व्यवस्था वापरण्यासाठी प्लेक्स व एंबी यांचे सशुल्क सदस्यत्व लागते. जेलीफिनमध्ये ती तशीच मिळते. रास्पबेरी पाय ५ या लहान संगणकात मात्र चित्रफीत नव्या स्वरूपात बदलून देणारा स्वतंत्र भाग नाही. तो फाइल जशीच्या तशी पाठविण्यापुरता उपयोगी पडतो, रूपांतरासाठी नव्हे.

यावर स्वस्त उपाय असा की, फितींचे रूपांतर करून घेतानाच पाहण्याची प्रत एच.२६४ या स्वरूपात मागावी. हे स्वरूप बहुतेक सर्व संच व मोबाइल ओळखतात. मग कोणताही सर्व्हर निवडला तरी रूपांतराचा प्रश्न क्वचितच उद्भवतो.

परगावी असलेल्यांसाठी

कुटुंब सांगलीला, नात पुण्याला शिकावयास आणि काका न्यू जर्सीत, अशी स्थिती आता सर्वसामान्य झाली आहे. दूरवरून पाहण्याच्या सोयीतच तिन्हींमधील भेद सर्वाधिक जाणवतो. आपल्याकडील अनेक इंटरनेट कंपन्या प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. अनेक घरे एकाच पत्त्यामागे उभी असतात. त्यामुळे बाहेरून आलेल्याला आपले दार सापडत नाही. प्लेक्स ही गाठ बऱ्याच अंशी स्वतः सोडवितो आणि त्यासाठीच शुल्क घेतो. जेलीफिनसाठी टेलस्केलसारखी व्यवस्था वापरता येते. तिच्यामुळे आपली उपकरणे एका खासगी, कुलूपबंद वाटेने जोडली जातात. वैयक्तिक वापरासाठी ती विनामूल्यही आहे. परंतु ती पाहणाऱ्याच्या प्रत्येक उपकरणावर बसवावी लागते. अमेरिकेतील सत्तरीच्या काकांना हे दूरध्वनीवरून समजावून सांगण्याची घरातील कोणाची तयारी आहे काय, हा प्रश्न निवड करण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

राउटरमध्ये थेट वाट उघडून सर्व्हर जगासमोर मांडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो टाळावा. लास्टपास या संकेतशब्द सांभाळणाऱ्या कंपनीवर २०२२ मध्ये जो मोठा घाला पडला, त्यात चोरांनी शिरकाव केला तो एका कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकातून. त्या संगणकावर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. त्या आवृत्तीतील दोष प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केला होता. कर्मचाऱ्याने नवी आवृत्ती बसविली नव्हती इतकेच. म्हणून हा सर्व्हर पेढीच्या हिशेबाच्या संगणकावर कदापि ठेवू नये आणि त्याची नवी आवृत्ती निघताच ती बसवावी.

माल वेगळा, मांडणी वेगळी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दुकानाची मांडणी बदलता येते, फळ्या बदलता येतात, प्रसंगी जागाही बदलता येते. माल मात्र सुरक्षित राहिला पाहिजे. येथे सॉफ्टवेअर ही मांडणी आहे आणि फायली हा माल. प्लेक्सने उद्या पुन्हा दर वाढविले किंवा जेलीफिनचे स्वयंसेवक थकले, तरी आपले काही अडू नये, अशी व्यवस्था प्रारंभीच करता येते.

त्यासाठी फायली साध्या कप्प्यांत ठेवाव्यात. प्रत्येकीच्या नावाच्या आरंभी इंग्रजी आकड्यांत वर्ष, महिना, दिवस असा क्रम द्यावा. त्यामुळे कोणत्याही संगणकावर त्या आपोआप कालक्रमाने लागतात. त्यापुढे प्रसंग व गाव लिहावे. चित्रणात कोण कोण दिसते, ही माहिती जेलीफिन व एंबी हे फाइलशेजारी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवू शकतात; प्लेक्स ती प्रामुख्याने आपल्या अंतर्गत नोंदवहीत ठेवतो. म्हणून प्लेक्स वापरणाऱ्यांनी अशी माहिती एका वेगळ्या यादीतही लिहावी. आणि हे काम आजच करावे. १९९४ च्या लग्नातील पंक्तीत तिसरे बसलेले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी आत्याबाई आज आहे. तिच्याशेजारी बसून नावे लिहून घेण्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही.

जमाखर्च

मिनीडीव्ही फितीचा एक तास मूळ स्वरूपात सुमारे १३ जीबी जागा घेतो. म्हणजे ४ टीबीच्या डिस्कमध्ये असे सुमारे ३०० तास मावतात. सामान्य कुटुंबाला हे भरपूर झाले. एच.२६४ स्वरूपातील पाहण्याची प्रत याहून पुष्कळच लहान होते. विजेचा विचार करता, १५ वॅटचा छोटा संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ११ युनिटे लागतात. ८० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच कामासाठी सुमारे ५८ युनिटे घेतो. अडगळीतील संगणक फुकट आहे असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

डिस्क आज ना उद्या बिघडणारच. मूळ संग्रहाच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. विवाहित कन्येच्या घरी ठेवलेली एक डिस्क हा आग, पूर व चोरी या तिन्हींवरील सर्वांत साधा विमा होय.

मग निवड कशी करावी? घरात संगणकाची आवड असलेले कोणी नसेल, नातलग अनेक देशांत विखुरलेले असतील आणि शुल्काची अडचण नसेल, तर प्लेक्स सोयीचा. महिन्यातून एखादा तास या कामासाठी देणारा मुलगा, मुलगी वा सून घरात असेल, तर जेलीफिन उत्तम. कारण तिच्या अटी कोणाच्या संचालक मंडळात ठरत नाहीत. जेलीफिनची खटपट नको आणि प्लेक्सवरील अवलंबनही नको, अशांनी एंबी पाहावा. पहिला महिना केवळ पाच-दहा फायली घालून दोन सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवून पाहावीत आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला रिमोट द्यावा. तिला ज्यातून हवे ते चित्रण कोणाच्या मदतीविना सापडेल, ते आपल्या घरासाठी योग्य.

एक दक्षता मात्र तिन्हींसाठी समान आहे. अनेक घरांत ही सारी व्यवस्था एकट्या मुलाच्या डोक्यात असते. तो परदेशी गेला वा त्याच्या बाबतीत काही बरेवाईट झाले, तर संग्रह जागच्या जागी असूनही बंद पडतो. पेढीची तिजोरी दोघांच्या माहितीत असते; तसेच सर्व्हरचा संकेतशब्द, डिस्क कोठे आहेत ती ठिकाणे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची कृती हे सर्व एका कागदावर मराठीत लिहून तो कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा. खतावणी कोणत्या फडक्यात आहे हे जसे घराला ठाऊक असते, तसे हेही ठाऊक असले पाहिजे.