विनिपेगची रात्रपाळी

कॅनडाच्या मोठ्या शहरांत मूलनिवासींचं प्रमाण विनिपेगमध्ये सर्वाधिक. २०२१च्या जनगणनेत महानगरातले मूलनिवासी १ लाखाहून जास्त भरले. शिक्षण-रोजगारासाठी राखीव प्रदेशांतून आलेल्यांना आधार म्हणून १९५९मध्ये इथे 'फ्रेंडशिप सेंटर' उघडलं. आज देशभर अशी १००हून अधिक केंद्रं आहेत.

पण खरी गोष्ट नॉर्थ एंड वस्तीतली. १९९२मध्ये तिथे 'बेअर क्लॅन पेट्रोल' ही स्वयंसेवकांची गस्त सुरू झाली आणि पुढे थंडावली. ऑगस्ट २०१४मध्ये टीना फाँटेन या १५ वर्षांच्या मूलनिवासी मुलीचा मृतदेह रेड नदीत सापडला. ती सरकारी बालसंगोपन यंत्रणेच्या ताब्यात होती, हे विसरता येत नाही. तिच्या मृत्यूने उसळलेल्या संतापातून गस्त पुन्हा उभी राहिली. हाती शस्त्र नाही. वापरलेल्या सुया उचलायच्या, भुकेल्याला खायला द्यायचं, अडल्यानडल्याची विचारपूस करायची.

तरुणही थांबले नव्हते. २०११पासूनच ते दर शुक्रवारी सेल्कर्क ॲव्हेन्यूवरच्या घंटाघराशी जमत. हिंसाचाराविरुद्धच्या या मेळाव्यात बोलण्याची पहिली संधी अनेकदा पोरांनाच मिळे, आणि मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांनी ज्यांचं बालपण हिरावलं ते वडीलधारे ऐकायला उभे असत.