वाइनरीत पाहुणे म्हणून जाताना

जानेवारी उजाडला की शनिवार-रविवारी नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. गंगापूर धरणाजवळच्या वाइनरी, दिंडोरीकडचे मळे, इगतपुरी तालुक्यातलं सांजेगाव आणि कावनई, कुठे ना कुठे सहलीचा बेत ठरलेला असतो. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये सुला सुरू केली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि या द्राक्षपंढरीत एकेक करत वाइनरी उभ्या राहत गेल्या. खाण्याची द्राक्षं पिकवणं इथे जुनंच. वाइन चाखायला पाहुणे येणं मात्र गेल्या वीसेक वर्षांतलं. लग्नघरात, देवळात, कुणाच्या दुःखात कसं वागायचं हे आपल्याला घरातूनच कळत जातं. टेस्टिंग रूममध्ये कसं वागायचं, हे सांगणारं मोठं माणूस अजून बहुतेक घरांत नाही.

हे वागणं शिकायला पुस्तकी नियमांची गरज नाही. वाइनरी हे आधी शेत आहे, मग कारखाना आणि मग पाहुणचाराची जागा. हा क्रम डोक्यात पक्का असला की काय करावं आणि काय टाळावं हे आपोआप उमगतं.

मळ्यात

आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच मिळतं, साधारण जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये गेलात तर मळा हिरवागार दिसेल, पण घड दिसणार नाहीत. त्याबद्दल तिथल्या माणसांकडे तक्रार करण्यात अर्थ नाही.

तोडणीच्या दिवसांत मळ्यात पहाटेपासून लगबग असते. मजूर कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये रचतात, क्रेट ओळीच्या टोकाला येतात आणि तिथून ट्रॅक्टर वाइनरीकडे निघतो. ऊन चढायच्या आत माल पोचवायची घाई असते, कारण उन्हानं तापलेल्या, फुटलेल्या द्राक्षांचा रस तिथेच आंबायला लागतो आणि त्यातला ताजा गंध उडून जातो. अशा वेळी दोन ओळींच्या मधोमध उभं राहून फोटो काढत बसणं म्हणजे कामाच्या वाटेत येणं. घड तोडणाऱ्या बायकांचा फोटो हवा असेल, तर आधी त्यांना विचारावं. त्या तिथे रोजगाराला आलेल्या असतात.

वेलीवरचं द्राक्ष तोडून तोंडात टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा. भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी वेलींवर फवारणी होते. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत, हा हिशोब मळा सांभाळणाऱ्याला माहीत असतो, आपल्याला नाही. शिवाय 750 मिलिलिटरच्या एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्तच द्राक्षं लागतात. शंभर पाहुण्यांनी ‘एकच घड’ तोडला तर किती बाटल्या कमी झाल्या, ते मोजून पाहावं. वाइनचं द्राक्ष कसं लागतं याची उत्सुकता असेल, तर टूर देणाऱ्याला विचारावं. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि गोडी खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त, हे तो हातात मणी देऊन दाखवू शकतो.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तर परवानगीशिवाय मळ्यात पाऊलही टाकता येत नाही. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपातले मळे उद्ध्वस्त केले होते. ही कीड बुटांच्या तळव्यांना आणि गाडीच्या टायरना चिकटून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाते. ऑस्ट्रेलियातल्या मळ्यांच्या कुंपणावरच्या पाट्या म्हणूनच इतक्या कडक असतात.

टाक्या आणि पिंपं

सेलरमध्ये पाहुण्यानं वाट दाखवणाऱ्याच्या बरोबर राहावं. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि बंदिस्त जागेत जिवावर बेतू शकतो. स्टीलच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून पाहणं, ओकच्या पिंपावर पेला ठेवणं, मुलांना पिंपांच्या रांगांमधून पळू देणं, यातलं काहीही चालणार नाही. एका टाकीत एका अख्ख्या मळ्याचं वर्षभराचं पीक असू शकतं.

टेस्टिंग रूममध्ये

आपण ज्याला वाइनची चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकातून कळतो. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, कारण मिरीत असतो तोच घटक, रोटंडोन, या द्राक्षाच्या सालीतही असतो. सोव्हिन्यॉ ब्लांला ढोबळी मिरचीसारखा हिरवा गंध असतो. हे बारकावे हातात जेमतेम दोन-तीन घोट असताना पकडायचे असतात. शेजाऱ्यानं भरपूर सेंट मारलेला असेल, कुणी नुकतीच सिगारेट ओढून आलेलं असेल, कुणाच्या तोंडात गुटखा असेल, तर सगळ्या टेबलाची चाखणी वाया जाते. मोगऱ्याचा गजरासुद्धा त्या दिवशी घरी ठेवलेला बरा.

पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. आधी रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, मग छोटा घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरवावा. वाइन साधारण हलकीकडून भारीकडे अशा क्रमानं दिली जाते: आधी स्पार्कलिंग आणि व्हाइट, मग रोझे, मग रेड आणि शेवटी गोड वाइन. ‘मला फक्त रेडच पाहिजे’ म्हणून क्रम मोडला, तर भारी वाइननंतर हलकीची चव लागतच नाही.

आपल्याकडे चारचौघांत थुंकणं असभ्य मानतात. टेस्टिंग रूममध्ये मात्र टेबलावर पिकदाणी ठेवलेलीच असते आणि ती वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. वाइन बनवणारे रोज कितीतरी नमुने चाखतात आणि थुंकतात, नाहीतर त्यांना काम करणंच शक्य नाही. पिकदाणी उचलून तोंडाजवळ धरावी आणि आवाज न करता वाइन हळूच त्यात सोडावी. पेल्यात उरलेली वाइनही त्यातच ओतावी. ओतणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही. आवडत नसताना तोंड वाकडं करत पेला संपवण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

आपल्या पाहुणचारातला आग्रह मात्र इथे दाराबाहेर ठेवावा. ‘घे रे, एवढ्यानं काय होतंय?’ हे वाक्य पंगतीत जिलबी वाढताना गोड वाटतं. ज्याला प्यायचं नाही, त्याच्यासमोर पेला धरून तेच म्हटलं तर ती जबरदस्ती होते. न पिणाऱ्यानं टूर करावी, वास घ्यावा, प्रश्न विचारावेत. त्याला कारण सांगायची गरज नाही.

वाइन ओतणारी ताई किंवा दादा यांच्याशी कसं बोलतो, यावरही बरंच अवलंबून असतं. ‘यातली कडक कोणती?’ असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि संवाद तिथेच संपतो. ‘ताई, ही रेड जांभळासारखी तुरट का लागते?’ असं विचारलं की त्या खुलून सांगायला लागतात. तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो, रेड सालीसकट आंबवतात, व्हाइटचा रस आधी सालीपासून वेगळा काढतात. त्या दोन मिनिटांत आपण समोरचे सगळे पेले वेगळे चाखायला शिकतो.

टेस्टिंगचे पैसे आणि माप ठरलेलं असतं. ‘अजून थोडी घाला ना’ म्हणत ओतणाऱ्याला अडचणीत आणू नये. आठ-दहा जणांचा गट असेल, तर आधी फोन करून वेळ घ्यावी आणि ती पाळावी. बाटली घेण्याची सक्ती नसते, पण आवडलेली वाइन तिथूनच विकत घेतली आणि का आवडली ते सांगितलं, तर त्याहून चांगली दाद नाही.

परतताना

जेवून जावं, मधे मधे पाणी प्यावं आणि गाडी कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवावं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. थुंकली तरी थोडी वाइन पोटात जातेच. म्हणून चालकानं त्या दिवशी एकही घोट घेऊ नये. मुंबईच्या वाटेवर पुढे कसारा घाट आहे आणि घाटात आपल्या चुकीची किंमत दुसऱ्या गाडीतली माणसंही मोजतात.

या वाइनरींच्या भोवती गावं आहेत. शाळेतून परतणारी मुलं, दूध घालायला निघालेले शेतकरी, धरणाच्या काठावर गुरं चारणारी माणसं याच रस्त्यावर असतात. त्यांच्यातले अनेक जण टेस्टिंग रूममध्ये कधी पाऊल टाकणार नाहीत. वाइनच्या पर्यटनातून त्यांना दिसतात ते आपणच: आपली गाडी, आपला आवाज आणि रस्त्याकडेला आपण फेकलेली किंवा न फेकलेली रिकामी बाटली. या गावांतल्याच अनेकांच्या घरी मळ्यातल्या कामाचे पैसे येतात. हा व्यवसाय इथे मानानं टिकावा असं वाटत असेल, तर तो मान राखण्याचा आपला वाटा आपण प्रत्येक भेटीत उचलायला हवा.