वजनाशी उभा दावा

बारा सिलिंडर, किमान ५५० अश्वशक्ती, लांबी ६०० मिलिमीटरच्या आत, वजन २५० किलो आणि टर्बो अजिबात नको. गॉर्डन मरे यांनी बीएमडब्ल्यूचे इंजिनतज्ज्ञ पॉल रोशे यांच्याकडे केलेली ही मागणी. रोशे यांनी ६.१ लिटरचे इंजिन घडवून दिले, तेव्हा त्याची ताकद भरली ६२७ अश्वशक्ती. वजन मात्र २६६ किलो. ७७ अश्वशक्ती जादा मिळाली म्हणजे कुठल्याही वाहन अभियंत्याला हर्ष व्हावा. पण ज्या गाडीसाठी हे इंजिन होते, तिच्या हिशेबवहीत जादाच्या १६ किलोंचीही नोंद व्हावी लागत होती.

ती गाडी म्हणजे मॅकलॅरेन एफ१. तिची कल्पना पक्की झाली १९८८मध्ये. त्या वर्षी मॅकलॅरेनने फॉर्म्युला वनच्या १६पैकी १५ शर्यती जिंकल्या. हातची गेलेली एकमेव शर्यत मोंझाची. ती आटोपून परतताना मिलानच्या विमानतळावर विमानाला उशीर झाला आणि तिथेच मरे आणि मॅकलॅरेनमधले त्यांचे सहकारी रॉन डेनिस, मन्सूर ओजे आणि क्रायटन ब्राउन यांच्यात रस्त्यावर चालवायच्या गाडीची चर्चा रंगली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात जन्मलेले मरे तोवर दीड दशकाहून अधिक काळ शर्यतीच्या गाड्या आखत होते. शर्यतीने त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती: ताकद वाढवण्याआधी वजन उतरवा.

यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे, पण त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर लवकर वेग घेते, एवढेच. वजन उतरवले तर ती लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणही अधिक वेगाने घेते. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून जड गाडी वळणावर मागे पडते. शिवाय वजन एकटे येत नाही. जड गाडीला मोठे ब्रेक लागतात, दणकट स्प्रिंगा लागतात, रुंद टायर लागतात, त्यांना पेलायला सांगाडा मजबूत करावा लागतो आणि हे सगळे ओढायला पुन्हा मोठे इंजिन. हेच चक्र उलटे फिरवले, तर वाचवलेला प्रत्येक किलो आणखी काही ग्रॅम वाचवतो. मरे यांचे लक्ष्य होते १००० किलो. गाडी अखेर ११४० किलोंच्या आसपास थांबली. ते लक्ष्य त्यांनी गाठले तीन दशकांनी, टी.५० या गाडीत. आजच्या अनेक महागड्या स्पोर्ट्स कार हजार अश्वशक्तींच्या जोरावर दीड-दोन टन ओढतात. मला ती चुकीची दिशा वाटते.

वजनाच्या या लढाईतले मुख्य शस्त्र होते कार्बन फायबर. पोलादाची घनता पाण्याच्या जवळपास आठपट, तर कार्बन फायबर आणि एपॉक्सीच्या मिश्रणाची दीडपटीहून थोडी जास्त. मात्र कार्बनचा धागा त्याच्या लांबीच्या दिशेनेच ताण सोसतो. म्हणून या धाग्यांच्या कापडाचे थर वेगवेगळ्या दिशांनी रचावे लागतात. कुठे ताण येणार आणि कुठे पीळ, हे आधी ओळखून प्रत्येक थराचा कोन ठरतो. अशा दोन पातळ थरांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा बसवतात आणि सगळे उष्णता व दाबाखाली भट्टीत घट्ट करतात. तयार होणारे कवच हलके असते आणि सहसा पिळवटत नाही. सांगाडाच पिळवटत असेल, तर चाकांच्या स्प्रिंगा कितीही बारकाईने जुळवा, उपयोग नाही.

या कवचाची परीक्षा शर्यतीच्या मैदानावर आधीच झाली होती. १९८१मध्ये जॉन बर्नार्ड यांनी मॅकलॅरेनसाठी फॉर्म्युला वनमधली पहिली संपूर्ण कार्बन चासिसची गाडी आखली. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसन यांची गाडी कठड्यावर आदळली, इंजिन तुटून वेगळे झाले आणि वॉटसन मात्र चालत बाहेर आले. कार्बन काचेसारखा फुटेल, ही शंका त्यानंतर फारशी टिकली नाही. एफ१ ही अशा कवचावर उभी राहिलेली, उत्पादनात आलेली पहिली रस्त्यावरची गाडी. १९९३मध्ये नामिबियात चाचणी सुरू असताना तिचा एक नमुना उलटून नष्ट झाला. चालक त्यातूनही बचावला.

पण एपॉक्सीला उष्णता मानवत नाही आणि इंजिन तर चालकाच्या पाठीमागेच. म्हणून इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला. अवरक्त किरण परतवण्यात सोन्यासारखा धातू विरळा. प्रत्येक गाडीत हे सोने जेमतेम १६ ग्रॅम. हे श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हते. जाड, जड उष्णतारोधक आवरण टाळण्याची ती युक्ती होती.

शर्यतीतले सगळेच रस्त्यावर उतरले नाही. कार्बनचे ब्रेक हवे होते, पण ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. घराबाहेर पडताच पहिल्या चौकात थांबायचे असेल, तर असे ब्रेक धोक्याचेच. म्हणून लोखंडी चकत्या आल्या. याउलट ब्राबम संघाच्या १९७८च्या गाडीचा पंखा सौम्य रूपात परतला. मरे यांनी आखलेली ती गाडी मागच्या मोठ्या पंख्याने तळाची हवा ओढून रस्त्याला चिकटायची. निकी लाउडा यांनी तिच्यावर स्वीडनची शर्यत जिंकली आणि मग ती मैदानातून बाहेर पडली. एफ१मध्ये तळाच्या हवेसाठी दोन लहान विजेचे पंखे होते.

चालकाची जागा मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना आणि किंचित मागे. इंधनाची टाकी गाडीच्या मध्याजवळ, म्हणजे पेट्रोल कमी होत गेले तरी तोल ढळत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, रेडिओही नाही. हत्यारांची पेटी टायटॅनियमची. चाकांना जे जाणवते ते चालकाच्या हातापर्यंत तसेच पोहोचावे, हा आग्रह मला या गाडीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

एकंदर १०६ गाड्या बनल्या, त्यात रस्त्यासाठीच्या नेहमीच्या रूपातल्या ६४. १९९८मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. मरे यांना तिला शर्यतीत उतरवायचे नव्हते, पण काही ग्राहकांनी आग्रह धरला. १९९५च्या ल मांच्या २४ तासांच्या पावसाळी शर्यतीत पहिल्याच प्रयत्नात ती पहिली आली आणि तिसरा, चौथा, पाचवा क्रमांकही तिच्याच भावंडांनी पटकावला. नियमांप्रमाणे इंजिनाच्या हवेच्या वाटेवर अडसर बसवावा लागल्याने शर्यतीतल्या त्या गाड्यांची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमीच होती.