जुन्या तबकड्या आणि कॅसेट संगणकावर आणताना खरी गोची कुठे होते?

तबकड्या आणि कॅसेट संगणकावर कशा आणायच्या, हे विचारणारे बहुतेक जण पहिल्यांदा मशीनचं नाव विचारतात. कोणता टर्नटेबल घेऊ, किती हजारांचा घेऊ? मशीनचं सांगतोच. पण माझ्या मते संग्रह बिघडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी: स्पीड आणि नावं. या लेखात जास्त वेळ त्यांनाच देणार आहे.

माझ्याकडे संग्रह दोन तऱ्हेचा आहे. एक स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौघांनी वाजवायच्या पाश्चात्त्य रचना. बीथोवनने अशा १६ लिहिल्या, शोस्ताकोविचने १५, बार्टोकने ६. दुसरा संग्रह दत्तात्रेय विष्णु पलुसकरांचा. नाशिकमध्ये राहणाऱ्याने तो नाही करायचा तर कुणी? त्यांचे वडील, गांधर्व महाविद्यालयाचे विष्णु दिगंबर, उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम काढून राहिले. दत्तात्रेयबुवांचा जन्म १९२१चा, इथलाच. १९५५ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी ते गेले. म्हणजे त्यांची रेकॉर्डिंगं मोजकीच.

लोकांना ही जोडी विचित्र वाटते. पण ७८ आरपीएमच्या तबकडीने दोन्ही संगीतांना एकाच कात्रीत धरलं होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात, बारा इंचीवर फार तर साडेचार. आपल्या गायकांनी रागच तीन मिनिटांत बसवला: दोन आलाप, बंदिश, चार ताना, संपलं. क्वार्टेट असं आखडता येत नाही. मग चाळीस मिनिटांची रचना पाच तबकड्यांच्या दहा बाजूंवर कापून विकायचे. १९३०च्या दशकात एचएमव्हीने हायडनच्या क्वार्टेटसाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन प्रो आर्ते क्वार्टेटचे असे संच काढले होते. आजच्या क्राउडफंडिंगचं हे जुनं रूपच म्हणा ना.

आता मशीन. ७८ आरपीएमचा स्पीड असलेला टर्नटेबल हवा. स्वस्तातल्या अनेकांत फक्त ३३ आणि ४५ असतो, घेण्याआधी बघा. सुई वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण तीन मिलची सुई लागते. एलपीची सुई जेमतेम एक मिलची, म्हणजे एक हजारांश इंचाची. ती त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि फक्त खरखर उचलते. टर्नटेबलनंतर फोनो प्रीअँप आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरे, फुकट आहे.

प्रीअँपमध्ये एक खाच आहे (शब्दशः नव्हे). तबकडी कापताना खर्ज दाबतात आणि तार सप्तकाकडचे सूर वाढवतात, वाजवताना उलटं करतात. हे प्रमाण 'रिआ' नावाने १९५४ च्या सुमारास ठरलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं वेगळं. आजचा प्रीअँप मात्र सगळ्यांना रिआच लावतो. त्यामुळे जुनी तबकडी घुमल्यासारखी किंवा कर्कश वाटली तर गायकाला दोष देऊ नका. ऑडॅसिटीत त्या काळची वक्ररेषा लावून बघा.

रेकॉर्ड करताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. स्टिरिओत मिनिटाला जवळपास ३५ एमबी होतात, म्हणजे तासाला दोन जीबी. फ्लॅकमध्ये साठवलंत की साधारण निम्मी जागा लागते आणि आवाजाचा एक कणही जात नाही. तबकडी मोनो असली तरी स्टिरिओतच उतरवा. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक बरेचदा जास्त झिजलेली असते. दोन्ही हातात असतील तर नंतर चांगली निवडता येते. मूळ फाइलवर आवाज साफ करायचे प्रयोग करू नका, प्रतीवर करा. साफसफाईत खरखरीबरोबर तंबोराही जातो.

एमपी३ मी फक्त फोनसाठी बनवतो. कारण सांगतो. बीथोवनच्या ओपस १३१ मध्ये सात भाग आहेत आणि ते न थांबता एकातून एक वाजतात. एमपी३ फाइलच्या सुरुवातीला नि शेवटी एन्कोडर थोडी शांतता चिकटवतो. प्लेअरने ती कापली नाही तर दर भागाच्या सांध्यावर ठेच लागते. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही.

आता स्पीड. ७८ हा आकडा लेबलवर असला तरी जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या असतीलच असं नाही. चार टक्के चुकलं तर काय होतं? पांढरी एक आणि काळी एक यांच्यातलं जे अंतर आहे, त्याच्या दोन तृतीयांश इतका सूर वर सरकतो. लयही चार टक्क्यांनी चढते. ऐकून शिकणारा विद्यार्थी मग समजतो की बुवा इतक्या वरच्या पट्टीत आणि इतक्या द्रुत ताना घ्यायचे.

क्वार्टेटच्या बाबतीत हे पकडणं सोपं आहे. ओपस १३१ काळी एकच्या मायनरमध्ये लिहिलंय. ट्यूनर लावला, सूर पांढरी दोनकडे झुकलेला दिसला, की तबकडी जोरात फिरतेय हे उघड. त्या काळी सगळे तंतोतंत ४४० हर्ट्झवर लावायचे असं नाही, पण फरक थोडा. आपल्याकडे षड्जच ज्याचा त्याचा! पलुसकर कोणत्या पट्टीत गायले हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. साथीला पेटी असेल तर तिच्या सुराचा आधार घ्या. तीही थोडी उतरलेली असू शकते, पण सुरांच्या अधेमधे लोंबकळणार नाही.

रेडिओवरून किंवा मैफलीत टेप केलेलं असेल तर अजून एक युक्ती आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तिची घूं बऱ्याच टेपांत उतरलेली असते. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडा आणि तळाची आडवी रेघ बघा. ती ५२ वर दिसली तर टेप चार टक्के जोरात चालतेय. मात्र दोन रेघा दिसल्या तर नेमकी ५० वरची बहुधा तुमच्याच आजच्या वायरिंगची असते, तिच्यावर जाऊ नका. आणि पूर्वी ग्रिडची वारंवारताही बरीच खाली-वर व्हायची, तेव्हा हा पहिला अंदाज समजा. पेटी आणि घूं दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर निर्धास्त बदल करा.

नावांचा घोळ वेगळाच आहे. म्युझिक प्लेअर 'आर्टिस्ट', 'अल्बम', 'साँग' या तीन खणांत जग बसवतात. क्वार्टेटचा आर्टिस्ट कोण, बीथोवन की वाजवणारे चौघे? एकाच रचनेची पंधरा रेकॉर्डिंगं असली की शोधणं अशक्य होतं. ॲपलनेही २०२३ मध्ये शास्त्रीय संगीतासाठी वेगळं ॲप काढलं, ते याच दुखण्यावर. राग, ताल, बंदिश, साथीदार यांना तर साध्या प्लेअरमध्ये खणच नाही. पण फ्लॅक फाइलमध्ये हवा तो खण स्वतः तयार करता येतो. एमपी३टॅग नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी 'राग', 'ताल', 'साथ', 'लेबल क्रमांक' आणि 'मॅट्रिक्स क्रमांक' असे खण केलेत. मॅट्रिक्स क्रमांक लेबलजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला असतो. लेबल पुनर्मुद्रणात बदलतं, हा सहसा टिकतो. दोन तबकड्यांवर एकच ध्वनिमुद्रण आहे का, हे त्यावरून कळतं. टॅगची गरज तशी जुनीच. १९०२ मध्ये गौहरजान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कुणाचं काय हे कळायला हवं.

मराठीत टॅग लिहिणाऱ्यांसाठी एक सापळा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध 'ॲ', किंवा 'अ' वर चंद्र देऊन. स्क्रीनवर सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून 'ॲलेग्रो' शोधलं की निम्म्या फाइल सापडतच नाहीत. 'सूर्यां'तला रफार आणि 'पुढाऱ्यां'तला अर्धा र यांचंही असंच. दुसरा वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप करतात. एक कीबोर्ड ठरवा आणि संपूर्ण संग्रह त्यानेच लिहा.

कायद्याचं थोडक्यात: भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५५ मध्ये निघालेली तबकडी २०१५ संपताच मुक्त झाली. रचनेचा आणि शब्दांचा हक्क वेगळा मोजतात, इंटरनेटवर टाकण्याआधी तोही तपासा.

सुरुवात कुठून करायची? मी कॅसेटपासून करायला सांगेन. छापील तबकडीच्या आणखी प्रती कुठेतरी असतात. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथली मंडळी क्रमांकावरून माग काढतात. पण एखाद्या वाड्यात झालेल्या मैफलीची कॅसेट ही एकुलती एक असते, आणि आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते. फितीवर पांढरी पूड दिसली तर डेकमध्ये घालू नका. ती हेडवर बसून पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी कोरड्या जागी ठेवा आणि साफ करून घ्या.

आवाज दबका येत असेल तर बरेचदा फीत ठीक असते आणि हेडचा कोन चुकलेला असतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. आवाज मोनोवर ठेवा, तंबोरा किंवा झांजेकडे कान द्या आणि स्क्रू अगदी किंचित फिरवत जा. जिथे आवाज सगळ्यात उघडा लागेल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं, म्हणून हात लावण्याआधी स्क्रूच्या मूळ जागेवर मार्करने खूण करून ठेवा.