आल्टोची वही

सोळाव्या शतकातल्या इटलीत मॅद्रिगल गायला मंडळी बसली, की प्रत्येकाच्या हाती वेगळी वही असे. वरच्या पट्टीच्या गळ्याची एक, खर्जाच्या गळ्याची दुसरी, मधल्यांच्या आणखी दोन-तीन. आपल्या मैफलीत गाणारा एक आणि बाकीचे साथीला; मॅद्रिगलमध्ये प्रत्येक गळ्याला स्वतःची चाल, आणि त्या सगळ्या एकमेकींत गुंफल्या की कविता उभी राहते. शब्दात उसासा आला, तर सूरही क्षणभर थबकतो. म्हणून एक वही हरवली, की सगळं गाणं अडतं.

संगीतकार माद्दालेना कासुलानाच्या एका पुस्तकाचं तेच झालं. ती गायची, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायची, शिकवायची. व्हेनिसचा नट आंतोनिओ मोलिनो उतारवयात तिच्याकडेच संगीत शिकला. 1566 मध्ये तिच्या चार रचना एका संग्रहात आल्या आणि 1568 मध्ये व्हेनिसच्या स्कोत्तो छापखान्यातून तिचं स्वतःचं पुस्तक निघालं. युरोपीय संगीताच्या इतिहासात बाईच्या नावावर छापलेलं रचनांचं हे पहिलं पुस्तक.

बायकांनी दिवाणखान्यात गावं, याला तेव्हा कुणाची हरकत नव्हती. स्वतःच्या नावाने रचना छापून बाजारात आणणं मात्र पुरुषांचं काम. अर्पणपत्रिकेत एरवी आश्रयदात्याची स्तुती असायची. कासुलानाने पुस्तक आश्रयदात्री इसाबेला दे मेदिचीला अर्पण केलं, आणि त्याच पानावर सुनावलं: बुद्धीचं देणं फक्त आपल्यालाच लाभलंय, बायकांना नाही, असं समजणाऱ्या पुरुषांची चूक जगाला दाखवायची आहे.

1570 मध्ये दुसरं पुस्तक आलं, 1583 मध्ये पाच गळ्यांसाठीचं. या शेवटच्या पुस्तकाची आल्टोची, म्हणजे मधल्या एका गळ्याची, वही पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या ग्रंथालयात होती; दुसऱ्या महायुद्धात ती तिथून नाहीशी झाली. संगीत-अभ्यासक लॉरी स्ट्रास यांना ती थेट मॉस्कोच्या ग्रंथालयात सापडली. 2022 च्या महिला दिनी बीबीसी रेडिओवर पाचही गळे पुन्हा एकत्र ऐकू आले.

तिचं पहिलं पुस्तक निघालं त्या 1568 मध्येच म्युनिकच्या एका राजेशाही लग्नात तिची एक रचना गायली गेली होती, तीही ओर्लांदो दी लास्सोसारख्या दिग्गज संगीतकाराच्या देखरेखीखाली. त्या रचनेचे सूर आज कुठेच नाहीत. दरबारात गाजलेलं विरून गेलं. हट्टाने छापून घेतलेलं तेवढं उरलं.