पंपाच्या केबलची मेगर-चाचणी : गळतीची चूक कशी टाळावी

पावसाळ्यानंतर विहिरीवरील विजेचा पंप सुरू करण्यापूर्वी केबलच्या आवरणाचा रोध मेगरने तपासणे इष्ट असते. पुष्कळदा हा रोध अतिशय कमी दिसतो आणि चांगली केबल निकामी समजून काढून टाकली जाते. वस्तुतः दोष आवरणात नसून केबलच्या टोकांवर बसलेल्या धुळीत व ओलीत असू शकतो. आवरणातून जाणारा आणि पृष्ठावरून गळणारा, असे दोन्ही प्रवाह मेगर एकत्रच मोजतो. समजा, आवरणाचा खरा रोध ५०० मेगओहम व पृष्ठाचा ५ मेगओहम आहे. तर काटा ५ च्या किंचित खालीच थांबेल.

यासाठी परवानाधारक वायरमनने पुरवठा बंद करून केबल दोन्ही टोकांस सोडवावी. टोके कोरड्या फडक्याने पुसून दूरचे टोक अधांतरी ठेवावे. मेगरची ‘लाइन’ तार एका गाभ्यास, तर ‘अर्थ’ तार उरलेल्या गाभ्यांस व जमिनीस जोडावी. नंतर पहिल्या गाभ्याच्या आवरणावर उघड्या तारेचे दोन-तीन घट्ट वेढे देऊन ती ‘गार्ड’ अग्रास जोडावी. म्हणजे त्या टोकाची गळती मापकात न शिरता बाहेरूनच परत जाते. ‘लाइन’ तार जमिनीस वा ओल्या भिंतीस टेकू देऊ नये. एक मिनिटाने वाचन घ्यावे व शेवटी गाभा जमिनीस जोडून त्यातील भार काढावा.

इतके करूनही रोध कमीच आला, तर दोष आवरणाचाच समजावा. अशी केबल वापरणे जिवावर बेतू शकते.